दोनशेवीस भाषांची नावे

काही वर्षांपूर्वी एका अनुवादित कथासंग्रहाला मी प्रस्तावना लिहिली. आदिवासी आणि भटक्या समाजांच्या भाषांतून हिंदीत आलेल्या आणि मी हिंदीतून मराठीत आणलेल्या त्या कथा होत्या. प्रस्तावनेची सुरुवात अशी होती : '१९६१ साली भारतात १,६५२ भाषा बोलल्या जात होत्या. गेल्या पन्नास वर्षांत २२० भाषा मरून गेल्या. जगात आज दर दोन आठवड्यांनी एक भाषा मरते.' संपादकांनी पुढच्या पानांत बरेच बदल सुचवले, पण या तीन वाक्यांना कोणी हात लावला नाही. एका परीक्षणात तर हीच वाक्ये जशीच्या तशी उचललेली होती आणि ते वाचून मला बरे वाटले होते.

पुढे एका विद्यापीठात भाषांतरावर बोलायला गेले, तेव्हा भाषणाची सुरुवातही याच आकड्यांनी केली. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतला एक विद्यार्थी उठला. म्हणाला, "मॅडम, त्या दोनशेवीस भाषांपैकी पाच नावं सांगाल का?" मला एक सांगता आले, अंदमानातली बो. दुसरे काही केल्या आठवेना. सभागृहात थोडे हसू झाले. तो मात्र हसत नव्हता. "आमच्या घरी बोलतात ती भाषा सरकारी यादीत नाही," तो म्हणाला, "म्हणून विचारलं. आम्हाला मेलेल्यांत धरलंय का, ते कळेना."

मी काहीतरी सारवासारव केली आणि खाली बसले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. मी वापरलेले तीन आकडे कुठून आले, याचा शोध घेताना जे हाती लागले ते इथे मांडते.

पहिला आकडा १,६५२. तो खोटा नाही. १९६१च्या जनगणनेच्या भाषा-तक्त्यांत तो आहे. पण तिथे तो 'भाषां'चा नाही, 'मातृभाषां'चा आहे आणि जनगणनेच्या कारभारात या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. घरोघर जाणारा प्रगणक माणूस सांगेल ते नाव लिहून घेतो. कोणी भाषेचे नाव सांगतो, कोणी जातीचे, कोणी गावाचे किंवा खोऱ्याचे. एकच भाषा दोन जिल्ह्यांत दोन नावांनी येते. मग कार्यालयात बसून ही नावे जुळवायची, गाळायची, गटांत बसवायची. १९६१च्या १,६५२ नावांपैकी १०३ परदेशी भाषांची होती. पाचशेहून अधिक नावे कोणत्या भाषाकुळात घालायची हे न ठरल्याने अवर्गीकृत राहिली. काही नावांपुढे भाषकांची संख्या अवघी एक होती. ही यादी तयार करणाऱ्यांनी 'भारतात १,६५२ भाषा आहेत' असे म्हटलेले नाही. ते आपण म्हटले.

हा आकडा एकटा पाहिला तर शंका येत नाही. शेजारचे आकडे मांडले की येते. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचे खंड १९०३ ते १९२८ या काळात निघाले. त्यांत १७९ भाषा आणि ५४४ बोली आहेत. मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर संस्थान हा दक्षिणेचा मोठा भाग त्या सर्वेक्षणात धरलेलाच नव्हता. १९५१च्या जनगणनेचा सर्वत्र दिला जाणारा आकडा ८४५ भाषा व बोली असा आहे. दहा वर्षांनी तो १,६५२ झाला. १९७१मध्ये दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची नावे प्रसिद्ध करायची नाहीत असे ठरले आणि यादी १०८वर आली.

आता हे आकडे भाषांच्या जन्ममृत्यूचे म्हणून वाचून पाहा. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत देशातल्या भाषा दुप्पट झाल्या आणि पुढच्या दहा वर्षांत दीड हजार भाषा मेल्या, असा अर्थ निघेल. पहिले विधान कोणीच करत नाही, कारण ते हास्यास्पद आहे हे लगेच कळते. दुसरे विधान मात्र अधूनमधून केले जाते, कारण ते दुःखद आहे. दोन्हींना आधार तेवढाच. या वीस वर्षांत बदलली ती मोजण्याची रीत.

प्रश्नही बदलत आले आहेत. १८८१ला मातृभाषा विचारली, १८९१ला आईवडिलांची भाषा, १९०१ला नेहमी वापरात असलेली भाषा. मुंबईत किंवा कोलकात्यात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाने या तीन प्रश्नांना तीन उत्तरे दिली असतील आणि तिन्ही खरी असतील. शिवाय उत्तरामागे राजकारणही असते. १९५१ला पंजाबात हिंदी की पंजाबी हा वाद इतका पेटला होता की पंजाब, पेप्सू, हिमाचल आणि दिल्लीत हिंदी, उर्दू, हिंदुस्तानी आणि पंजाबी यांची वेगळी गणती न देता एकत्र बेरीज छापावी लागली.

असे एक उत्तर मी लहानपणी कानांनी ऐकले आहे. माझे आजोळ धुळे जिल्ह्यातले. १९९१च्या जनगणनेला शाळेचे मास्तर कागद घेऊन आमच्या ओट्यावर बसले होते. मास्तर अहिराणीत बोलत होते, आजी अहिराणीत उत्तरे देत होती. भाषेचा रकाना आला तेव्हा मास्तरांनी विचारले, "माय, भाषा कोनती लिखू?" आजी म्हणाली, "मराठीच लिखा. अहिरानी काय कागदवर लिखतस का?" मास्तरांनी मराठी लिहिले. मग दोघे पुन्हा अहिराणीत पिकापाण्याचे बोलू लागले.

जनगणनेत अहिराणी 'खानदेशी' या नावाखाली मोजली जाते. १९९१ला खानदेशीचे भाषक ९.७ लाख होते. २००१ला ते २०.७ लाख झाले आणि २०११ला १८.६ लाख. दहा वर्षांत खानदेशातली माणसे दुप्पट झाली नाहीत. ओट्यावरची उत्तरे बदलली, किंवा कार्यालयातले वर्गीकरण. ज्या मोजणीत एक भाषा दहा वर्षांत दुप्पट होऊ शकते, तिच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून भाषांचे मृत्यू मोजता येत नाहीत.

दुसऱ्या आकड्यात नेमकी तशीच वजाबाकी आहे. २०१०पासून गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले. बडोद्याच्या भाषा संशोधन व प्रकाशन केंद्राने ते हाती घेतले होते. सुमारे तीन हजार लोक त्यात सहभागी झाले. प्राध्यापक होते, तसेच ज्या त्या भाषेचे शिक्षक, कार्यकर्ते आणि शेतकरीही होते. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली मराठीत निघाला. एवढे मोठे काम सरकारी यंत्रणेविना उभे राहिले, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यात ७८० भाषांची नोंद झाली.

२०१३ साली हे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा वर्तमानपत्रांना मथळा हवा होता. १९६१च्या १,६५२ नावांतली पर्यायी नावे वगैरे वगळली तर तेव्हा साधारण १,१०० भाषा असाव्यात, हा एक अंदाज. लोकसर्वेक्षणात सापडल्या ७८०. शंभरेक नजरेतून सुटल्या असतील, हा दुसरा अंदाज. १,१००मधून ७८० गेले, शंभर गेले, उरले २२०. काही वर्तमानपत्रांनी २५० छापले. एका अंदाजातून प्रत्यक्ष नोंद आणि दुसरा अंदाज वजा करून आलेली ही बाकी आहे. १९६१ला सरकारी प्रगणकांनी घरोघर नावे गोळा केली होती. लोकसर्वेक्षणाने भाषेचे वर्णन, गाणी, गोष्टी, नात्यांचे आणि रंगांचे शब्द गोळा केले. दोन्ही कामांची पद्धत वेगळी, उद्देशही वेगळा. धान्य एकदा पायलीने मोजले आणि एकदा तराजूने, तर मधला फरक उंदराने खाल्ला असे म्हणता येत नाही.

अंदाज म्हणून सांगितलेली ही गोष्ट बातमीत निष्कर्ष झाली, आणि माझ्या प्रस्तावनेत पोचेपर्यंत तिच्यातला 'असाव्यात' गळून 'मेल्या' एवढेच उरले. त्या २२० भाषांची यादी मी शोधली. मिळाली नाही, आणि मिळणार नव्हतीच. वजाबाकीतून आकडा निघतो, नावे निघत नाहीत.

पुढे २०१८मध्ये याच्या अगदी उलट मथळे आले : भारतात १९,५००हून अधिक मातृभाषा बोलल्या जातात! २०११च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली, अजून न गाळलेली कच्ची नावे १९,५६९ होती, तीच ही. त्याच अहवालात पुढे लिहिले होते की छाननीनंतर १,३६९ मातृभाषा ठरल्या, १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली आणि अखेर दहा हजारांवर भाषक असलेल्या भाषा १२१. आदल्या वेळी 'भाषा मरताहेत' म्हणून हळहळलेल्या माझ्या ओळखीच्या कित्येकांनी या वेळी 'केवढी ही समृद्धी' म्हणून तो मथळा एकमेकांना पाठवला. मीही पाठवला. दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही.

तिसरा आकडा जगाचा : दर दोन आठवड्यांना एक भाषा. याचा उगम शोधायला फार खोल जावे लागत नाही. मायकेल क्राऊस हे अलास्कातले भाषाशास्त्रज्ञ. अलास्कातल्या एयाक या भाषेवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. तिच्या अखेरच्या भाषक मेरी स्मिथ जोन्स २००८ साली वारल्या. म्हणजे भाषा मरते तेव्हा काय होते हे क्राऊस यांनी जवळून पाहिले होते. १९९२मध्ये त्यांनी एका लेखात इशारा दिला की जगातल्या सुमारे सहा हजार भाषांपैकी निम्म्या मुलांपर्यंत पोचेनाशा झाल्या आहेत आणि येत्या शतकात त्या जातील. परिस्थिती याहून वाईट, नव्वद टक्क्यांपर्यंतही जाऊ शकेल. आपल्याच व्यवसायातल्या लोकांना जागे करण्यासाठी लिहिलेला तो लेख होता.

डेव्हिड क्रिस्टल यांच्या २०००मधल्या 'लँग्वेज डेथ' या पुस्तकात यावरचा भागाकार आहे. शंभर वर्षांत तीन हजार भाषा जायच्या असतील तर सरासरी दर दोन आठवड्यांना एक जायला हवी. क्रिस्टल यांनी 'जर' नीट लिहिला आहे. पुढे उद्धृत करणाऱ्यांनी तो वगळला. भविष्याबद्दलच्या एका अंदाजाची सरासरी वर्तमानकाळातली घटना झाली. मातृभाषा दिनाच्या संयुक्त राष्ट्रांच्या मजकुरात ती आली, तिथून भाषणांत, शाळेच्या फलकांवर आणि अनुदानाच्या अर्जांत गेली.

मग कोणीतरी खरोखर मोजायला बसले. हवाई विद्यापीठातल्या लाइल कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकटग्रस्त भाषांची सूची तयार केली. तिच्यात प्रत्येक भाषेचे नाव, ठिकाण, भाषकसंख्या आणि ती माहिती कुठून आली याची नोंद आहे. २०१३च्या सुमारास त्यांनी दाखवले की १९६०पासूनच्या नोंदींवरून वर्षाला सरासरी चारच्या आतबाहेर भाषा बोलणाऱ्यांविना उरल्या. म्हणजे साधारण दर तीन महिन्यांना एक. दोन आठवडे आणि तीन महिने यांत सहापटीचे अंतर आहे. त्याच सूचीने हेही सांगितले की जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक भाषा संकटात आहेत. म्हणजे धोका खोटा नव्हता. फक्त त्याचा वेग कोणी तपासला नव्हता. ही दुरुस्ती होऊन दहा वर्षे उलटली, तरी आमच्या क्षेत्रातल्या भाषणांत अजून दोन आठवडेच ऐकू येतात.

असे का होते? मी माझ्यापुरते सांगू शकते. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला एका ओवीची सहा पाठांतरे ताडून पाहायला शिकवले होते. कोणता पाठ आधीचा, कोणता लेखनिकाच्या चुकीतून आला, हे तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही. अनुवादातही एका शब्दासाठी मी चार कोश उघडते. आकड्याच्या बाबतीत हे सगळे गळून पडले, कारण आकडा हे माझे क्षेत्र नाही असे मी धरून चालले होते. तो कोणीतरी जाणकाराने मोजला असेल. त्या जाणकारानेही कदाचित तसेच धरलेले असेल. खरे तर आकड्याचाही पाठ असतो आणि तोही हस्तलिखितासारखा नकलताना बिघडतो. 'मातृभाषा'ची 'भाषा' होते, 'असाव्यात'चे 'होत्या' होते, 'जर' गळतो.

दुसरे कारण कबूल करायला अधिक अवघड आहे. तो आकडा माझ्या उपयोगाचा होता. २२० भाषा मेल्या म्हटले की माझ्या हातातला कथासंग्रह एकदम महत्त्वाचा होत होता. शोक करायला कोणाचे नाव माहीत असावे लागत नव्हते, कुठल्या गावी जावे लागत नव्हते. चांगल्या कामासाठी थोडा फुगवलेला आकडा चालतो, असेही आम्ही आपसांत म्हणतो. पण त्याची किंमत कोणीतरी देतेच आणि ती बहुधा आम्ही देत नाही.

ती कोण देते, याची दोन उदाहरणे घेते. बोआ सीनियर या बो भाषेच्या शेवटच्या भाषक. २६ जानेवारी २०१० रोजी अंदमानात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय पंच्याऐंशीच्या आसपास होते. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांच्याबरोबर बसून ती भाषा ध्वनिमुद्रित केली होती. एरवी त्यांच्याशी बोमध्ये बोलायला कोणी उरले नव्हते. एका भाषेचा हा खराखुरा, तारखेसह माहीत असलेला अंत. २००१ आणि २०११ची जनगणनेची भाषांची यादी शेजारीशेजारी ठेवली तर हा अंत तिच्यात दिसत नाही. बो आधीपासूनच 'इतर'मध्ये होती. ज्या आकड्यांवरून आपण मृत्यू मोजतो, त्यांना हा मृत्यू कळलाच नाही.

दुसरे उदाहरण जिवंत भाषेचे. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलतात. शेजारी कोरकू, भोवती मराठी. निहालीचे जगातल्या कोणत्याही भाषेशी नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तिचे भाषक दोन-अडीच हजार असल्याचे सगळीकडे उद्धृत होते. ही संख्या दहा हजारांच्या आत, म्हणून निहालीचे नाव जनगणनेच्या प्रसिद्ध यादीत येत नाही. यादीत नाव नाही म्हणजे मुलांना शाळेत काय समजते, दवाखान्यात म्हातारीला काय सांगता येते, हे प्रश्न कोणत्याच कागदावर उपस्थित होत नाहीत. अशा भाषेच्या माणसांपुढे उभे राहून 'इतक्या भाषा मेल्या' म्हणत डोळे पुसले तर ते काय म्हणतील? जे त्या विद्यार्थ्याने म्हटले तेच.

आकड्यांनी माणसे झाकली जाण्याचा प्रकार मोठ्या भाषांतही आहे. २०११ला हिंदीचे भाषक ५२.८ कोटी होते असे आपण वाचतो. आपली मातृभाषा 'हिंदी' असे सांगणारे त्यांत ३२.२ कोटीच होते. उरलेल्यांत ५ कोटी भोजपुरी बोलणारे आहेत, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही बोलणारे आहेत. ते सगळे हिंदीच्या बेरजेत मिळवलेले आहेत. मी अनुवाद केलेल्या कथांचाही प्रवास असाच झाला होता. मूळ भाषेतून हिंदीत, हिंदीतून मराठीत. पुस्तकावर मी 'हिंदीतून अनुवाद' एवढेच लिहिले होते. प्रत्येक कथा मुळात कोणत्या भाषेत, कोणी सांगितली, हे मी संपादकांनाही विचारले नव्हते. भाषांच्या मृत्यूवर प्रस्तावना लिहिणाऱ्या बाईने स्वतःच्या पुस्तकातल्या जिवंत भाषांची नावे गाळली होती.

गेल्या वर्षी त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघायची ठरली, तेव्हा मी ती तीन वाक्ये काढली. त्यांच्या जागी दुसरा, अधिक बरोबर आकडा टाकावा असे प्रकाशकांनी सुचवले. मी त्याऐवजी हिंदी संपादकांना पत्र लिहून प्रत्येक कथेची मूळ भाषा, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव मागवले. चौदा कथांपैकी अकरांची माहिती मिळाली. ती आता अनुक्रमणिकेत कथेच्या नावाखाली छापली आहे. उरलेल्या तीन कथांखाली 'मूळ भाषा कळू शकली नाही' असे लिहिले आहे. ते वाक्य टोचते, पण राहू दिले.

त्या विद्यार्थ्याचे नाव मी तेव्हा विचारले नव्हते, म्हणून त्याला हे कळवता आले नाही. त्याच्या घरची भाषा कोणती, हेही विचारले नव्हते. हा अंक त्याच्या हाती पडला तर त्याने ती कळवावी.